इटालियन दुकानातलं स्वस्त चीज आणि वाइन: भाव का उतरलाय ते आधी बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेला राहता, पुढच्या महिन्यात घरी बाराजण येणार आहेत आणि जेवणाआधी चीज-वाइन मांडायचा बेत आहे. जवळच्या इटालियन डेलीत (चीज, सँडविच वगैरे विकणाऱ्या दुकानात) गेलात तर पार्मिजानो रेज्जानो या इटलीतल्या कडक, मुरवलेल्या चीजचा भाव पाउंडाला २२ डॉलर, वाइनच्या फळ्यांवर पन्नासेक अनोळखी लेबलं, आणि काउंटरवर नेमकं काय विचारावं ते सुचेना. अशा दुकानात कमी पैशांत चांगला माल कसा काढायचा? पाहुण्यांपैकी चौघं शाकाहारी आहेत हे तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंय. त्याचं उत्तर मात्र आधी ठरवायला हवं, कारण त्याने चीजची निम्मी यादी बदलते. त्यावर खाली वेगळं लिहिलंय.

स्वस्त माल या दुकानांत भरपूर असतो. तो स्वस्त का लावलाय, हे ओळखणं अवघड. काही वेळा भाव उतरतो तो तुकड्याचा आकार वेडावाकडा आहे म्हणून, लेबल फाटलंय म्हणून, आयातदाराने शेवटच्या चार पेट्या मोकळ्या केल्या म्हणून, किंवा त्या गावाचं नाव कोणाला ठाऊक नाही म्हणून. यातलं काहीच तुमच्या तोंडात जात नाही. पण काही वेळा भाव उतरतो तो चीज घाम सुटून आंबायला लागलंय म्हणून, किंवा दोन उन्हाळे खिडकीपाशी तापलेली पांढरी वाइन आता कोणी घेत नाही म्हणून. दोन्हींवर चिकटवलेला नारिंगी स्टिकर एकसारखाच दिसतो. म्हणून मी भावाआधी त्याचं कारण शोधतो, आणि ते सापडलं नाही तर सरळ विचारतो.

काही गोष्टी तुम्ही कुठे राहता त्यावर अवलंबून आहेत. कॅलिफोर्नियात किराणा दुकानाला वाइन विकता येते, म्हणून तिथल्या जुन्या इटालियन डेलीत चीज आणि वाइन एकाच छताखाली मिळतात. न्यूयॉर्क राज्यात किराणा दुकानात वाइन विकायला बंदी आहे. तिथल्या वाचकांनी चीज एका दुकानातून आणि वाइन दुसऱ्यातून घ्यायची हे धरून चालावं. तुमच्याकडे चीजवर विक्रीकर नाही, वाइनवर आहे, आणि २०२४ पासून वाइनच्या ७५० मिलीच्या बाटलीमागे १० सेंट अनामतही लागते. बाटल्या परत केल्या की ते पैसे मिळतात, पण बजेट आखताना ते धरलेले बरे.

या दुकानांचं अर्थकारण समजलं की निम्मं काम होतं. त्यांचा रोजचा गल्ला बहुतेक करून सँडविच आणि केटरिंगवर भरतो. त्यामुळे सँडविचमध्ये जाणारं चीज, म्हणजे प्रोव्होलोने आणि ताजा मोझरेला, तिथे झपाट्याने खपतं, ताजं असतं आणि सुपरमार्केटच्या तुलनेत रास्त भावात मिळतं. उलट काचेच्या कोपऱ्यात शोभेला ठेवलेलं ट्रफलचं (म्हणजे महागड्या भूमिगत अळंबीचं) चीज आठवडेच्या आठवडे तिथेच असतं. दुकान ज्या वस्तूवर जगतं ती घ्या, ज्या वस्तूने सजतं ती सोडा.

आता काउंटर. चीजचं चाक, म्हणजे मोठा गोल ठोकळा, कापताना शेवटी जे वेडेवाकडे, सालीकडचे, नीट पाचर न होणारे तुकडे उरतात, ते अनेक दुकानं प्लास्टिकमध्ये गुंडाळून एका टोपलीत किंवा फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवतात. टोपली दिसली नाही तर "एंड पीसेस आहेत का?" असं विचारा. हा नेहमीचा प्रश्न आहे, संकोच नको. किसायला किंवा लहान तुकडे करून मांडायला आकार सरळ असण्याची काहीच गरज नसते. पण इथे हिशेब करावा लागतो. समजा पाउंडाला २० डॉलर भाव आहे आणि १६ औंसांच्या तुकड्यात ३ औंस साल आहे. खायला उरले १३ औंस, म्हणजे खरा भाव पडला पाउंडाला साडेचोवीस डॉलरच्या वर. सालीचा तुकडा किमान एक पंचमांश स्वस्त नसेल तर तो सवलतीचा नव्हे. पार्मिजानोची साल मात्र फेकू नका. तिच्यावर मेण नसतं, ते चीजच वाळून घट्ट झालेलं असतं. वरून खरवडून, धुऊन सूप किंवा राजम्याच्या रश्श्यात अर्धा तास उकळली की चांगला अर्क उतरतो. चीजशिवाय नुसत्या साली काही दुकानं अगदी किरकोळ भावात देतात.

पाकिटावरचा मोठा आकडा बघू नका, पाउंडाचा भाव बघा. ६ औंसांचा तुकडा सव्वाआठ डॉलरला छान स्वस्त वाटतो. पाउंडाला तो २२ डॉलरच पडतो.

पार्मिजानोचा तुकडा हातात घेतला की आधी साल बघा. तिच्यावर ठिपक्याठिपक्यांनी नाव उमटवलेलं असतं. तुकड्यावर त्यातली दोन-चार अक्षरं तरी दिसलीच पाहिजेत. चाकाच्या सालीवर डेअरीचा क्रमांक आणि उत्पादनाचा महिना-वर्षही छापलेले असतात, त्यामुळे अर्धं चाक काउंटरवर उभं असेल तर वय स्वतः वाचता येतं. कधी कधी ठिपक्यांवरून आडव्या समांतर रेषा कोरलेल्या दिसतात. तपासणीत दुसऱ्या प्रतीची ठरलेली चाकं अशी खुणावतात. आतल्या पोतात किंवा सालीत थोडा दोष असतो आणि ती फार न मुरवता खायची असतात. विषारी किंवा खराब अजिबात नव्हेत; पास्त्यावर किसायला हा माल उत्तम, मात्र भाव पहिल्या प्रतीचा घेत असतील तर घेऊ नका. ज्या चाकावरची नावंच खरवडून काढलीत ते पार्मिजानो म्हणून विकताच येत नाही.

मग कापलेली बाजू. रंग गवती पिवळसर, पोत दाणेदार हवा. आत दिसणारे पांढरे कण बुरशीचे नसतात. चीज मुरताना अमिनो आम्लाचे स्फटिक तयार होतात, ते चांगलंच लक्षण. सालीलगत अर्ध्या सेंटीमीटरची गडद, सुकलेली पट्टी नेहमीचीच. पण ही पट्टी बोटभर आत शिरली असेल, किंवा प्लास्टिकच्या आतून तुपकट ओलावा चिकटलेला दिसत असेल, तर तो तुकडा फार दिवस गुंडाळून पडलाय. त्याची चव प्लास्टिकची लागते आणि ती जात नाही. शक्य असेल तेव्हा डोळ्यांदेखत कापून घ्या आणि एक कपचा चाखायला मागा.

वयासाठी किती पैसे मोजायचे? पार्मिजानो किमान १२ महिने मुरवावं लागतं. पास्त्यात मिसळायला त्याहून जास्त वयाची गरज नाही. २४ महिन्यांचं मांडायला आणि किसायला दोन्हीकडे चालतं, आणि माझ्या मते पैशाला सगळ्यात जास्त न्याय तेच देतं. ३६ महिन्यांचं अधिक सुकं आणि उग्र असतं. ते नुसतं खायचं असेल तरच वाढीव पैसे द्या.

किसून डब्यात भरलेलं चीज मी सुचवत नाही. इटलीत किसलेल्या पार्मिजानोत सालीचं प्रमाण १८ टक्क्यांहून जास्त असू नये असा नियम आहे. तुमच्या दुकानात मागच्या खोलीत किसलेल्या डब्यात किती साल गेली ते तुम्हाला दिसत नाही. शिवाय किसल्यावर वास झपाट्याने उडतो. अमेरिकेत 'पार्मेसान' या नावाला इटलीसारखं संरक्षण नाही. इथल्या नियमाने ते १० महिने मुरवलं की झालं, मग गाव अमेरिकेतल्याच विस्कॉन्सिन राज्यातलं का असेना. ते वाईट असतं असं नाही, पण त्यासाठी पार्मिजानोचे पैसे मोजू नका.

खरी बचत करायची असेल तर ग्राना पादानोकडे वळा. हे उत्तर इटलीच्या बऱ्याच मोठ्या भागात बनतं, किमान ९ महिने मुरवतात, आणि त्याच दुकानात ते पार्मिजानोपेक्षा बहुधा बऱ्याच कमी भावात मिळतं. चव थोडी सौम्य, दुधाळ. बारा लोकांच्या ताटात, द्राक्षं आणि अक्रोडांसोबत, त्याला कमी लेखायचं काहीच कारण नाही. पेकोरिनो रोमानो हे मेंढीच्या दुधाचं, खारट आणि तिखट. तेही स्वस्त पडतं, पण किसण्यापुरतं घ्या. नुसतं खायला मांडलंत तर खारटपणामुळे पाहुणे एका तुकड्यावर थांबतील. आणि पास्त्यात ते पार्मिजानोच्या निम्मं घाला, मीठ आधी घालू नका.

मऊ चीजवरची सवलत हा निराळा मामला आहे. पार्मिजानोसारखं कडक चीज तारीख जवळ आली तरी आठवडाभर बिनघोर टिकतं. ताजा मोझरेला, रिकोटा, गॉर्गोन्झोला (निळ्या बुरशीचं मऊ चीज) यांचं तसं नाही. दुकानात रोज मोझरेला वळत असतील तर संध्याकाळी उरलेले गोळे स्वस्तात मिळू शकतात. ते त्याच रात्री खायचे असतील तर उत्तम सौदा, शनिवारच्या पाहुण्यांसाठी गुरुवारी घेऊन ठेवाल तर आंबूस होतील. त्याच्या पाण्याचा रंग बघा: किंचित दुधाळ ठीक, तार सुटलेली असेल तर नको. गॉर्गोन्झोलाच्या गुंडाळीत तपकिरी पाणी साठलं असेल किंवा नाकाला अमोनिया झोंबत असेल तर फुकटही घेऊ नका.

आता शाकाहारी मंडळी. पार्मिजानो रेज्जानो, ग्राना पादानो आणि पेकोरिनो रोमानो ही तिन्ही प्राण्यांच्या जठरातून काढलेल्या रेनेटनेच, म्हणजे दूध जमवणाऱ्या एन्झाइमनेच, बनतात. पहिल्या दोघांत वासराचं, तिसऱ्यात कोकराचं. हा त्यांच्या अधिकृत नियमाचाच भाग आहे, त्यामुळे कोणत्याही कंपनीचं घेतलं तरी त्यात फरक पडत नाही. ग्राना पादानोत अंड्यापासून काढलेलं लायसोझाइम हे टिकवण्यासाठीचं एन्झाइमही असू शकतं, आणि घटकांत ते लिहिलेलं असतं. चौघांपैकी ज्यांना हे चालत नाही त्यांच्यासाठी मस्कारपोने ही सुरक्षित निवड आहे; ते साय आणि आम्ल यांवर बनतं, रेनेट लागत नाही. रिकोटा आम्लाने फाडतात, पण ती बहुतेकदा रेनेट वापरून बनवलेल्या चीजच्या निवळीपासून होते, म्हणून कडक पाळणाऱ्यांना आधी सांगा. मोझरेला आणि प्रोव्होलोने अमेरिकेत बनलेले घ्या आणि लेबलवर मायक्रोबियल (सूक्ष्मजीवांपासून काढलेलं) किंवा व्हेजिटेरियन रेनेट असं स्पष्ट लिहिलेलं शोधा. नुसतं 'एन्झाइम्स' लिहिलं असेल तर त्यावरून काही कळत नाही. काउंटरवरच्या माणसाला मूळ पाकीट दाखवायला सांगा. कापून गुंडाळलेल्या तुकड्यावर ही माहिती क्वचितच असते. आणि मांडताना दोन पाट आणि दोन सुऱ्या वेगळ्या ठेवा.

वाइनकडे येऊ. इटालियन दुकानातली उत्तम किंमत बहुधा प्रसिद्ध नावाच्या शेजारच्या बाटलीत असते. ब्रुनेल्लो दि मोंतालचिनो ही तस्कनीतली नामांकित लाल वाइन कापणीनंतरच्या पाचव्या वर्षाच्या जानेवारीपर्यंत विकता येत नाही. इतकी वर्षं तळघरात अडकलेलं भांडवल आणि लाकडी पिंपांचा खर्च तुमच्या बिलात येतो. त्याच गावची, त्याच सांजोवेसे द्राक्षाची रोस्सो दि मोंतालचिनो कापणीच्या पुढच्याच वर्षी सप्टेंबरात बाजारात येते. बारोलो ही पिएमोंतेची नामांकित लाल वाइन किमान ३८ महिने मुरवावी लागते, त्यातले १८ लाकडात. लांगे नेब्बिओलो त्याच द्राक्षाची, बरेचदा त्याच उत्पादकाची, पण लवकर विकता येते. तसंच महागड्या आमारोनेच्या ऐवजी वाल्पोलिचेल्ला रिपास्सो घ्या. हिशेब सोपा आहे: जी वाइन पाहुणे त्याच संध्याकाळी संपवणार, तिच्या मुरवणीसाठी जादा पैसे का मोजायचे? उलट तरुण बाटली फळांच्या चवीची आणि मोकळी असते, चीजसोबत जास्त जुळते.

त्याहून स्वस्त हवी असेल तर दक्षिणेकडे सरका. पुलियाची सालिचे सालेंतिनो, अब्रुत्सोची मोंतेपुलचानो दाब्रुत्सो, सिसिलीची नेरो दाव्होला, बासिलिकाताची आल्यानिको देल व्हुल्तुरे. यातली शेवटची कडक आणि कसदार असते, तिला पेकोरिनोसारखं जोरकस चीज लागतं. उत्तरेत पिएमोंतेची बार्बेरा दास्ती. आंबटपणा चांगला असल्याने टोमॅटोचा सॉस असलेल्या कशाहीबरोबर ती खपते. पांढऱ्यात सोआवे आणि वेर्दिक्कियो. एक गोंधळ टाळा: मोंतेपुलचानो दाब्रुत्सोमध्ये ते द्राक्षाचं नाव आहे, आणि व्हिनो नोबिले दि मोंतेपुलचानोमध्ये तस्कनीतल्या गावाचं. दुसरी सांजोवेसेची असते आणि बऱ्यापैकी महाग. चीजच्या पाटासाठी मात्र माझी पहिली पसंती कोरड्या लांब्रुस्कोला. पार्मिजानो ज्या प्रदेशातलं, त्याच प्रदेशातली ही फेसाळ लाल वाइन. फेस आणि आंबटपणा चीजचा तुपकटपणा कापतो, आणि ती गार पितात. लेबलवर 'सेक्को' बघा, 'आमाबिले' किंवा 'दोल्चे' गोड असतात.

लेबलवरच्या डीओसीजी, डीओसी, आयजीटी या इटलीतल्या वाइनच्या कायदेशीर वर्गवारीच्या पायऱ्यांवर भाव ठरवू नका. त्या प्रदेश आणि पद्धत सांगतात, बाटली चवीला कशी आहे ते सांगत नाहीत. डीओसीजी बाटलीच्या मानेवर क्रमांकाची कागदी पट्टी असते. ती फाटलेली दिसली म्हणून वाइन बिघडली असं होत नाही. मागच्या लेबलवर आयातदाराचं नाव असतं ते लक्षात ठेवा. एका आयातदाराच्या दोन बाटल्या आवडल्या तर तिसरी आवडण्याची शक्यता बरीच वाढते, आणि अनोळखी नावांच्या फळीपुढे हा सगळ्यात भरवशाचा धागा आहे.

सवलतीच्या पेटीतली बाटली उचलली की आधी लेबलवरचं कापणीचं वर्ष बघा. साधी पांढरी, रोझे (गुलाबी) आणि प्रोसेक्को (फेसाळ पांढरी) कापणीपासून दोन वर्षांच्या आतली हवी. प्रोसेक्कोवर बहुधा हे वर्ष नसतंच, म्हणून ज्या दुकानात ती भराभर खपते तिथूनच घ्या. साधी लाल तीन-चार वर्षं टिकते. मग बाटली उजेडात धरा. पारदर्शक काचेतली पांढरी वाइन जर्द सोनेरी किंवा तपकिरीकडे झुकली असेल तर ती संपलेली आहे. बूच कडेच्या वर आलंय का, आवरणाखाली चिकट ओघळ आहे का, वाइनची पातळी मानेच्या खाली उतरलीय का हे बघा. यातलं काहीही दिसलं तर बाटली तापलेली आहे. ती कुठे ठेवली होती तेही पाहा. खिडकीतली, दिव्याखालची, फ्रिजच्या मोटारीवरच्या फळीवरची बाटली नको.

नंतर दोन टप्प्यांत खरेदी करा. ज्या तीन बाटल्या पसंत पडल्या त्यांची एकेक घ्या, घरी दोन संध्याकाळी उघडा, आणि आवडलेल्यांच्याच बाकीच्या बाटल्या आणा. बरीच दुकानं बारा बाटल्यांच्या पेटीवर दहा टक्क्यांच्या आसपास सूट देतात, आणि वेगवेगळ्या बाटल्या मिसळूनही ती मिळते का ते विचारावं. शेजारी किंवा सहकारी मिळून पेटी घ्या. वाइनला ओल्या पुठ्ठ्याचा वास येत असेल तर बुचातला दोष आहे. बाटली लगेच बंद करून, पावतीसह परत न्या. बदलून देण्याची त्यांची पद्धत काय आहे ते मात्र घेतानाच विचारून ठेवा, खास करून सवलतीच्या मालाबाबत.

तुमच्या बाराजणांचा हिशेब: जेवण पुढे आहे, तेव्हा माणशी ५५ ग्रॅम चीज पुरे. एकूण साधारण ६६० ग्रॅम, म्हणजे दीड पाउंडाच्या आत. त्यात ग्राना पादानोचे एंड पीसेस १० औंस (साल वजा जाता ८ राहतील), मायक्रोबियल रेनेटचा मोझरेला ८ औंस, मस्कारपोने ८ औंस, मध आणि काजूगरांसोबत. ७५० मिलीच्या बाटलीत १५० मिलीचे पाच ग्लास होतात. आठजण पिणारे धरले आणि प्रत्येकी अडीच ग्लास, तर चार बाटल्या लागतात. पाचवी हाताशी ठेवा. दोन लांब्रुस्को, दोन मोंतेपुलचानो दाब्रुत्सो, एक सोआवे. कडक चीज तासभर आधी फ्रिजबाहेर काढा, मोझरेला वीस मिनिटं. उरलेलं ग्राना बटर पेपरमध्ये गुंडाळून मग पिशवीत घाला; थेट प्लास्टिकमध्ये गुंडाळलं की घाम सुटतो.

काउंटरवर गर्दी नसलेल्या वारी सकाळी जा, शनिवारी दुपारी सँडविचच्या रांगेत कोणाला बोलायला वेळ नसतो. "बाराजण आहेत, चौघं व्हेजिटेरियन, चीजसाठी चाळीस डॉलर" एवढं थेट सांगा. आकडा सांगितला की माणूस महागड्या कोपऱ्याकडे नेत नाही. तिथल्या लाल वाइनच्या चार-पाच लेबलांवरची नावं, वर्ष आणि भाव मला कळवलेत, तर त्यातली कुठली आधी उघडून बघायची ते सांगतो.